एबीएसचा दिवा लागलाय? चाकाचा सेन्सर मोबाईलवर तपासा आणि घरीच बदला

चावी फिरवली की डॅशबोर्डवर ‘एबीएस’ लिहिलेला पिवळा दिवा लागतो आणि दोन-तीन सेकंदांत विझतो. हे नॉर्मल आहे, गाडी स्वतःची तपासणी करत असते. पण तो विझलाच नाही, किंवा गाडी थोडी पुढे गेल्यावर परत लागला, तर पहिला संशय चाकाजवळच्या स्पीड सेन्सरवर घ्यायचा. आणि हा संशय खरा की खोटा, हे तुमच्या खिशातल्या फोनवर घरबसल्या कळू शकतं.

मी रत्नागिरीजवळ भाट्येला राहतो. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गेटच्या बिजागऱ्यांपासून सायकलच्या चेनपर्यंत सगळ्याला गंज. गाडी त्याला अपवाद कशी असेल? आमची २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. जूनच्या पहिल्या पावसात तिचा हा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. एका गॅरेजमध्ये नेली तर गाडी वर न उचलताच सांगितलं, “एबीएसचं मॉड्यूल गेलंय, अख्खं बदलावं लागेल.” आकडा ऐकून बाबा म्हणाले, “राहू दे, ब्रेक तर लागतायत ना!”

ब्रेक लागत होते, हे खरंच. पण जुलैमध्ये आजीला डोळ्यांच्या तपासणीसाठी कोल्हापूरला न्यायचं होतं. म्हणजे भर पावसात आंबा घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. तेव्हा ‘राहू दे’ म्हणणं परवडणारं नव्हतं.

एबीएस नसेल तर नेमकं काय होतं?

दिवा लागलेला असताना साधे ब्रेक चालूच असतात. फरक पडतो तो जोरात ब्रेक मारल्यावर. ओल्या रस्त्यावर चाक फिरायचं थांबतं, पण गाडी थांबत नाही, घसरत राहते. अडकलेल्या चाकाला दिशा नसते. तुम्ही स्टिअरिंग डावीकडे फिरवाल आणि गाडी सरळ जाईल. एबीएस हेच टाळतं. चाक अडकायला लागलं की त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतं, परत दाबतं, परत सोडतं, आणि हे सगळं एका सेकंदात अनेकदा. पॅडलखाली जी थरथर जाणवते ती हीच.

पण कुठलं चाक अडकतंय, हे त्याला सांगणार कोण? तो सेन्सर. चारही चाकांजवळ एकेक. चारांपैकी एकाची जरी बातमी चुकीची आली, तरी कंट्रोलर सगळं एबीएस बंद करून दिवा लावतो, कारण चुकीच्या माहितीवर ब्रेक सोडणं जास्त धोक्याचं. ज्या गाड्यांत ईएसपी किंवा हिल होल्ड आहे, त्यांत तेही सोबत बंद पडतं. दोन-अडीचशे ग्रॅमचाही नसलेला हा तुकडा सगळी सिस्टीम बसवून ठेवतो.

बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक एबीएस आणलं, तेव्हा ही चैन होती. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नवीन विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारमध्ये ते सक्तीचं आहे. त्यामुळे हा दिवा आता फक्त महागड्या गाडीवाल्यांचा प्रश्न राहिलेला नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. पिवळ्या दिव्यासोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला असेल तर हा लेख बाजूला ठेवा. आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का आणि ब्रेक ऑइलची पातळी ठीक आहे का, ते बघा. दोन्ही ठीक असूनही लाल दिवा जात नसेल तर गाडी चालवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

सेन्सर काम कसं करतो

चाकाबरोबर फिरणारी एक रिंग असते आणि तिच्यासमोर, जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर, सेन्सरचं टोक असतं. प्रकार दोन. जुन्या, पॅसिव्ह प्रकारात लोखंडी दातेरी रिंग आणि सेन्सरमध्ये तारेची कॉइल व चुंबक. दात समोरून गेला की कॉइलमध्ये बारीकसा करंट तयार होतो. चाक हळू असेल तर हा सिग्नल फार कमजोर असतो. नव्या, अ‍ॅक्टिव्ह प्रकारात बेअरिंगच्या सीलमध्येच बारीक बारीक चुंबकांची पट्टी बसवलेली असते आणि सेन्सरमध्ये चिप. तिला गाडीकडून वीज मिळते आणि ती ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांवर करंट बदलून खुणा पाठवते. वायरी दोन्हींत दोनच असतात, त्यामुळे नुसतं बघून फरक कळत नाही. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा नव्या सेन्सरच्या माहितीत प्रकार दिलेला असतो. तो आधी शोधून ठेवा, पुढे मल्टिमीटर लावताना लागणार आहे.

आता कोकणातला घोळ काय होतो बघा. सेन्सर ज्या भोकात बसतो ते लोखंडात असतं. खारी हवा आणि पावसाचं पाणी लागून भोकाच्या आत गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो सेन्सरला हळूहळू वर उचलतो. मिलिमीटरचं अंतर दीड मिलिमीटर होतं आणि सिग्नल तुटायला लागतो. त्याची खूण दिवा लागण्याच्या आधीच मिळते. कोरड्या रस्त्यावर अगदी हळू, थांबता थांबता ब्रेक पॅडल उगाचच थरथरतं. आमच्या गाडीला हे भाट्ये पुलाच्या टोकाला गाडी थांबवताना मे महिन्यापासून होत होतं. एका चाकाचा वेग अचानक शून्य दिसला की कंट्रोलरला वाटतं चाक अडकलं, आणि तो ब्रेक सोडतो. म्हणजे थांबायचं अंतर वाढतं. समोर माणूस असेल तर? ही थरथर जाणवली तर दिव्याची वाट बघू नका.

आता फोन काढा

ओबीडी डोंगल नावाचा काडेपेटीएवढा तुकडा मिळतो, त्यावर बहुतेकदा ‘ईएलएम३२७’ लिहिलेलं असतं. तो ड्रायव्हरच्या पायाच्या वर, डॅशबोर्डखाली असलेल्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो. घेताना दोन गोष्टी बघा. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डोंगल चालणार नाही, ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला घ्या. दुसरं, बाजारात नकली चिपचा सुळसुळाट आहे. ‘व्हर्जन १.५’ असं छापलेले डोंगल सर्रास विकतात, पण मूळ कॅनडाच्या कंपनीने १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं! तरी त्यातले बरेच चालतात. फार स्वस्त ‘२.१’ वाले मात्र एबीएसपर्यंत पोचताना अडखळतात. परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्या, एवढंच म्हणेन.

अ‍ॅपचं तसंच. कुठलंही ओबीडी अ‍ॅप इंजिनाचे कोड वाचतं, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे. एबीएसचे कोड ‘सी’ने सुरू होतात आणि ते वाचायला तुमच्या कंपनीचं प्रोफाइल असलेलं अ‍ॅप लागतं. मी ‘कार स्कॅनर’ वापरलं. त्यात आधी गाडीची कंपनी निवडायची, मग कंट्रोल युनिट्सच्या यादीत एबीएस दिसतं का ते बघायचं. नसेल तर दुसरं अ‍ॅप. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीचं असेल तर ब्लूटूथ शोधायला अ‍ॅप लोकेशनची परवानगी मागेल, ती द्यावी लागते. काँटॅक्ट्सची मागितली तर देऊ नका, गाडीच्या चाकाला तुमच्या मावशीचा नंबर कशाला हवा?

डोंगल लावा, चावी ऑनवर, ब्लूटूथमध्ये जोडा. पिन विचारला तर १२३४ किंवा ००००. एबीएसचे कोड वाचा आणि पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढा. सर्वसाधारण यादीत सी००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी००४० पुढचं उजवं, सी००४५ मागचं डावं, सी००५० मागचं उजवं. कंपन्यांचे स्वतःचे वेगळे कोडही असतात, तेव्हा गाडीच्या नावासकट शोधा. डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून धरायचं, समोर उभं राहून नाही.

पण कोड म्हणजे निकाल नव्हे. कोड सांगतो ‘या चाकाकडून बातमी नीट येत नाही’. सेन्सर गेला, वायर तुटली, कपलरमध्ये पाणी शिरलं की रिंग खराब झाली, हे तो सांगत नाही. आणि बॅटरी मरायला टेकली असेल तर एबीएस उगाचही कोड टाकतं. म्हणून आधी अ‍ॅपमध्येच व्होल्टेज बघा. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास, चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा हवं. फ्यूजही बघून घ्या, आणि चारही टायर एकाच मापाचे आहेत ना, तेही.

दिवा कधी लागतो यातूनही बरंच कळतं. चावी दिल्यादिल्या लागूनच राहिला तर वायर तुटली असण्याची, कपलर सुटल्याची किंवा शॉर्ट असल्याची शक्यता जास्त, कारण थांबलेल्या गाडीत कंट्रोलर सर्किटच तपासत असतो. आधी विझला आणि गाडी थोडा वेग घेतल्यावर लागला तर सर्किट जोडलेलं आहे, पण चाक फिरल्यावरचा सिग्नल वाईट आहे. मग अंतर, गंज, रिंग यांच्याकडे बघायचं.

खरी मजा लाइव्ह डेटात. चारही चाकांचे वेग एका स्क्रीनवर लावा, ग्राफ चालू करा आणि सरळ, रिकाम्या रस्त्यावर ताशी २० च्या वेगाने चाला, मग हळूहळू थांबा. फोन बाजूला बसलेल्याच्या हातात, ड्रायव्हरच्या नाही. स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवलं की घरी येऊन शांतपणे बघता येतं. आम्ही पावसकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी सहाला हे केलं. मी गाडी चालवली आणि बहीण मागे बघत ओरडत होती, “वीस, वीस, वीस, वीस… ए, पुढचं डावं गेलं!” ताशी दहाच्या खाली आलो की तीन रेषा गुळगुळीत उतरत होत्या आणि पुढच्या डाव्या चाकाची रेषा कड्यावरून पडल्यासारखी थेट शून्यावर. मॉड्यूल गेलं असतं तर बाकी तीन चाकं इतकी शहाण्यासारखी वागली नसती.

(तालीम म्हणून गाडी पुळणीवर नेऊ नका. भाट्येच्या किनाऱ्यावर रविवारी पाण्यात गाडी घालून रील बनवणारे दिसतात. खारं पाणी बेअरिंगमध्ये आणि कपलरमध्ये जातं, ते रीलमध्ये दिसत नाही.)

चाक काढून बघताना

सपाट आणि कडक जागा हवी. आमच्याकडे अंगण वाळूमिश्रित, जॅक खाली रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी ठेवली. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. आम्ही जांभ्याचे अर्धे चिरे लावले, मस्त बसतात. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग उचला. आणि उचलल्यावर स्टँड लावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं काय, हातही घालायचा नाही. स्टँड नसेल तर शेजारच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणा, पण त्याशिवाय पुढे जाऊ नका. मागचं चाक काढायचं असेल तर अडण पुढच्या चाकांना आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये.

चाक निघाल्यावर आधी फोनने फोटो काढा. वायर कुठून कुठे जाते, कुठल्या क्लिपमध्ये बसते, सगळं. जोडताना हेच फोटो उपयोगी पडतात. जिथे डोळा पोचत नाही तिथे फ्लॅश लावून व्हिडिओ घ्या. काय शोधायचं? उंदराने कुरतडलेली वायर (पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्येच मुक्कामाला असतात), घासून उघडी पडलेली तार, कपलरमधल्या पिनांवर हिरवट थर, आणि सेन्सरच्या बुडाशी फुगलेला गंज. आमच्याकडे शेवटचे दोन्ही होते, आणि गंजाने ढकलून सेन्सरच्या मानेला तडाही गेला होता.

मल्टिमीटर असेल तर कपलर सोडून मोजा. पॅसिव्ह सेन्सर असेल तर त्याच्या दोन पिनांमध्ये साधारण एक ते दोन हजार ओहम येतात. आकडा गाडीगणिक बदलतो, म्हणून दुसऱ्या बाजूच्या चांगल्या सेन्सरशी ताडून बघा. मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून चाकाचा हब हाताने फिरवला तर आकडा हलला पाहिजे. पुढचं चाक असेल तर गिअर न्यूट्रल हवा, नाहीतर फिरणार नाही. अ‍ॅक्टिव्ह सेन्सरवर मात्र ओहम मोजू नका, आत चिप आहे आणि आकड्यातून काही कळतही नाही. त्याऐवजी चावी ऑन करून गाडीकडून येणाऱ्या कपलरच्या पिनांवर डीसी व्होल्टेज बघा. ते येत असेल आणि चांगल्या चाकाइतकंच असेल, तर वायर व मॉड्यूल ठीक, दोष सेन्सरकडे किंवा रिंगकडे. येतच नसेल तर नवा सेन्सर विकत घेऊन काही होणार नाही, वायर शोधा.

मॉड्यूल बदला म्हणणाऱ्या कुणालाही हा एकच प्रश्न विचारा: “कपलरवर व्होल्टेज किती येतंय?” उत्तर न मिळाल्यास गाडी घरी आणा.

सेन्सर बदलणं

नवा सेन्सर मागवताना चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढा. पुढचा-मागचा आणि डावा-उजवा वेगळा असू शकतो. वायरची लांबी आणि कपलरचा आकार जुन्याशी जुळवून मगच जुना तोडा, कारण तो बहुतेक वेळा अखंड निघत नाही.

बोल्ट एकच असतो, सहसा १० नंबरचा पाना किंवा अ‍ॅलन की लागते. आधी वायर ब्रशने भोवतीची माती काढा. आमच्याकडची तांबडी माती वाळली की सिमेंटसारखी होते. मग गंज सोडवणारं तेल मारून पंधरा-वीस मिनिटं चहा प्या. घाईत पाना लावलात तर बोल्टचं डोकं तुटतं आणि दहा मिनिटांचं काम ड्रिल मशीनचं होतं. बोल्ट निघाल्यावर सेन्सर ओढू नका, पकडीने डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवत सोडवा. प्लास्टिक तुटून टोक आत राहिलं तर त्यावर हातोडा मारून आत ढकलायचा मोह होतो. समोर रिंग आहे. तिला चरा गेला तर अनेक गाड्यांत बेअरिंगसकट सगळं बदलावं लागतं. उरलेलं प्लास्टिक बारीक पेचकसाने तुकड्या-तुकड्याने बाहेर काढा.

मग भोक साफ करायचं, आणि सगळं काम खरं इथेच आहे. नवा सेन्सर गंजावर बसवला तर तोही वरच राहील आणि दिवा आठवड्यात परत येईल. पॉलिश पेपरची सुरळी करून भोकाच्या भिंती आणि सेन्सर जिथे टेकतो ती वरची जागा लोखंड चमकेपर्यंत घासा. आत ओलसर फडक्याचा बोळा ठेवा म्हणजे चुरा रिंगवर पडणार नाही. चुंबकाची पट्टी लोखंडाचा कीस पकडून ठेवते आणि मग सिग्नल पुन्हा बिघडतो. मला या एका भोकाला चाळीस मिनिटं लागली, बाकी सगळ्याला मिळून तेवढीच.

बोळा काढा. वरच्या टेकणाऱ्या जागेवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, सेन्सरच्या टोकाला काहीच लावू नका. नवा सेन्सर हाताच्या जोराने पूर्ण खाली बसला पाहिजे. बोल्ट ओढून त्याला खाली बसवायला गेलात तर नवाही चिरेल. बोल्ट बेताने आवळा, तो छोटा आहे. सेन्सर चुंबकाजवळ ठेवू नका, म्हणजे काम करताना स्पीकर किंवा चुंबकवाला मोबाईल स्टँड लांब. वायर फोटोत होती तशीच प्रत्येक क्लिपमध्ये बसवा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, कुठे ताणत किंवा घासत नाही ना. चाक लावा, नट समोरासमोरचे धरत आवळा, गाडी खाली घेतल्यावर शेवटचा जोर द्या. पन्नासेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासा.

आता अ‍ॅपमधून कोड पुसा. दिवा लगेच गेला नाही तरी घाबरू नका, बऱ्याच गाड्या थोडं चालून चारही चाकांची बातमी जुळली की मगच तो विझवतात. पुन्हा तोच वीसवरून शून्यावर यायचा ग्राफ काढा आणि आधीच्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवून बघा. आमच्या चारही रेषा एकत्र उतरल्या. बाबांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि मग विचारलं, “त्या मॉड्यूलचे किती सांगितले होते रे?” आमचा सगळा खर्च, डोंगल धरून, त्या आकड्याच्या दहाव्या भागातही बसला होता.

काम झाल्यावर डोंगल काढून ठेवा. लावून ठेवला तर तो बॅटरी खात राहतो, आणि पिन १२३४ असलेलं ब्लूटूथ गाडीत कायम उघडं ठेवणं बरं नाही. किनाऱ्याजवळ राहत असाल तर चाकांच्या आतल्या बाजूला आठवड्यातून एकदा साध्या पाइपने गोडं पाणी मारा. सर्व्हिसिंगवाल्याला मात्र सांगा की प्रेशरचा फवारा थेट कपलरवर मारू नको.

कोड परत आला, सेन्सर नवा, व्होल्टेज बरोबर, भोक स्वच्छ, आणि तरी ग्राफ चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा खाली जातोय, असं झालं तर रिंगचा एक तुकडा खराब आहे. चाक वर असताना वर-खाली हलवून बघा. खडखडलं किंवा फिरवताना गुरगुरलं तर बेअरिंग गेलंय. ते बसवायला प्रेस लागतो, त्यामुळे ते घरी करायचं काम नाही. मात्र तो ग्राफचा व्हिडिओ घेऊनच गॅरेजमध्ये जा.